नाण्यावरचं तोंड

९ जानेवारी

बंड्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फाडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. कुणी मेलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आठ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाच्या मनात दुसरं काय येणार?

काम नाण्याचं आहे. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाच्या खणात, स्प्रिंगांच्या डबीत असायचं ते चांदीचं. कुणा गिऱ्हाइकाचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं, त्या आनंदात त्यानं ते बाबांना देऊन टाकलं होतं. "हा सिकंदर," असं बाबा आल्यागेल्याला सांगत. ना गिऱ्हाइकाला काही ठाऊक, ना बाबांना. पण आपल्या घरात बाबा म्हणाले तोच इतिहास. परवा खण आवरताना ते हाती लागलं आणि म्हटलं, इतकी वर्षं घरात राहणाऱ्या या गृहस्थाची एकदा नीट ओळख करून घ्यावी.

सोबतची डबी उघडताना दचकू नकोस, आत दात नाहीत. कवळीसाठी तोंडाचं माप घेतात तसं मी नाण्याचं माप घेतलं आणि त्यात प्लास्टर ओतून दोन्ही बाजू काढल्या. एक रेघसुद्धा हुकलेली नाही. निदान मला तरी तसं दिसतं.

आता माझं म्हणणं ऐक. हा सिकंदर नव्हे. सिकंदर तरणाताठा गेला, आणि हा राजा चांगला पिकलेला आहे. डोक्याला मुकुट नाही, नुसती फडक्याची पट्टी. मागं गाठ आणि दोन टोकं लोंबतायत. डोकं दुखत असल्यासारखी. ओठ आत गेलेत, नाक आणि हनुवटी एकमेकांना भेटायला निघालीत. तोंडाचं पार बोळकं. तीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतेय, मला कुठलंही तोंड दिसलं की आधी आतला जबडा दिसतो. याचे वरचे पुढचे दात गेलेत, हे मी कुठल्याही न्यायालयात सांगेन.

मागच्या बाजूला एक उघडाबंब देव दगडावर बसलाय. हातातला बाण डोळ्यांसमोर धरून तो सरळ आहे का ते बघतोय. बाण चांगलाच वाकडा आहे. कारागीर शिकाऊ असणार. खाली गाय किंवा कुत्रं, काहीतरी चतुष्पाद आहे. दोन्ही बाजूंना उभी अक्षरं आहेत, ती माझ्या बापजन्मात कुणी वाचलेली नाहीत.

तू लहानपणी बाबांचं भिंग डोळ्याला लावून तासन्तास याच्याकडं बघत बसायचास. याला दात होते का, काही आठवतं?

माझं बरं चाललंय. डोळ्यांचं थोडं निघालंय, त्याबद्दल पुढं कधी लिहीन. आठ वर्षांत तुझं तोंड बघितलेलं नाही. इकडं येणं झालं तर ये. घाई नाही.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

बंड्या,

उत्तर नाही. मला अपेक्षाच नव्हती असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? जिन्यात पावलं वाजली की मी दाराशी जाते. पोस्टमन वरच्या मजल्यावर जातो, तिथल्या मास्तरांना फार पत्रं येतात. त्यांना एवढं कोण लिहितं, हे आता मला विचारावंसं वाटायला लागलंय.

सध्या मी रजेवर आहे. लॅबमध्ये भिंतभर फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात, त्यांच्याशी दिवसभर बोलायची सवय. घरी जबडे नाहीत, म्हणून रेडिओशी बोलते. तो मेला मधे बोलू देत नाही. दोन खोल्यांत माणूस किती आवरणार! खण झाले, कपाटं झाली, पडदे धुऊन झाले. परवा मीठ आणि साखर एकाच बरणीत भरली आणि मग दुपारभर त्यावर एकटीच हसत बसले. हसून झाल्यावर फार वाईट वाटलं. कुणीतरी "काय हे, ताई!" म्हणायला हवं होतं.

डोळ्यांचं लिहिते म्हणाले होते. पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. म्हणजे ताट दिसतं आणि ताटातलं दिसत नाही. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडं बघावं लागतं. भाजीवाला परवा मागं वळून बघायला लागला, ही बाई बोलतेय कुणाशी म्हणून. एका डोळ्याचं काम आटोपलंय, दुसरा चालतोय. किती दिवस, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, जाड पेन मिळालं आहे इतकंच.

मला काय वाटतं ते एकदा स्पष्ट लिहिते, म्हणजे तुला कोड्यात टाकलं असं नको. दुसरा डोळा आहे तोवर तुला एकदा बघायचं आहे. केस गेले का, पोट सुटलं का, बाबांसारखा दिसायला लागलास का, ते बघायचं आहे. बाकी काही मागणं नाही.

तू म्हणशील, तुझं तोंड बघणार नाही असं मी सांगितलंय. सांगितलंस खरं. स्वयंपाकघरात, खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता. "बाबांचं तोंडही मला बघू दिलं नाहीस, आता मी तुझं बघणार नाही." बाबा सकाळी गेले, तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलास. अंत्यसंस्कारासाठी मी तुझी वाट बघत थांबले नाही. तू तेव्हा विचारलंस "का?" आणि मी म्हणाले, "शक्य नव्हतं." आजही तेच म्हणते. मी चुकले असं या पत्रात कुठं सापडेल म्हणून शोधू नकोस, डोळे तुझे चांगले असले तरी.

संग्रहालयात नाण्यांच्या विभागात एक बाई आहेत. जुनी नाणी आणली तर ओळखून देतात म्हणे. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. आपल्या बोळक्याचं नाव काय निघतं बघू.

ताई


१२ फेब्रुवारी

बंड्या,

सिकंदर नाही, हे मी बरोबर सांगितलं होतं. बाकी सगळं चुकलं.

संग्रहालय म्हणजे लांबच लांब काचेची कपाटं आणि त्यात माझीच छाया. एका पहारेकऱ्यानं हात धरून मागच्या खोलीत नेलं. "सांभाळून, पायरी आहे" असं तो जिथं पायरी नव्हती तिथंही म्हणत होता. नाणीवाल्या बाई आवाजावरून तिशी-पस्तिशीच्या वाटल्या. त्यांचं तोंड कसं होतं ते विचारू नकोस, कानातलं मात्र लाल होतं. त्यांनी नाणं मखमलीवर ठेवलं, कडेनं धरून फिरवलं, काट्यावर तोललं.

"खरं आहे, काकू. चांगलं जड, जुनं नाणं आहे. घरी काय म्हणायचे याला?"

"सिकंदर."

"सगळ्यांच्या घरी सिकंदरच असतो," त्या हसून म्हणाल्या.

मग मी माझं शहाणपण पाजळलं. राजा म्हातारा, दात पडलेले, जबडा बसलेला. कवळी करायची झाली तर माप कसं घेईन, तेही सांगून टाकलं. बाईंनी नाणं पुन्हा उचलून भिंगाखाली धरलं. मला वाटलं, माझ्या ज्ञानानं दिपल्या.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "हा तरुण आहे हो. ओठ चांगले भरलेले आहेत. हनुवटी गोल आहे."

"आणि तो वाकडा बाण?"

"बाण सरळ आहे."

"गाय?"

"घोडा आहे. मान खाली घालून चरतोय."

मी नाणं घेतलं आणि खिडकीशी गेले. त्याच्या केसांकडं बघितलं, मानेकडं बघितलं, पट्टीच्या टोकांकडं बघितलं. डोळ्यांच्या कडेनं तोंड पकडायला गेले की ते आत ओढलं जायचं, पुन्हा बोळकं. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. ओठ होते. चांगले दोन, भरलेले. कवळी करणाऱ्या बाईला अंगठ्यानं आधी बघायचं सुचू नये, म्हणजे कमाल झाली. बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणलं. मला पाणी नको होतं, पण प्याले.

आता राजाचं. उभी ग्रीक अक्षरं त्यांनी वाचून दाखवली: बासिलेओस आन्तिओखू. मी म्हटलं, राजा आन्तिओखू, छान नाव आहे. तर तसं नाही. नाव आन्तिओखस, शेवटचा 'ऊ' म्हणजे आपला 'चे'. राजा आन्तिओखसचे. पुढं काय ते लिहायची त्यांना गरज वाटली नाही, नाणं हातातच असतं ना. मजा म्हणजे या नावाचे राजे सिकंदराच्या एका सरदाराच्या घराण्यात डझनावारी झाले. आजोबा आन्तिओखस, बाप आन्तिओखस, नातू आन्तिओखस. तेव्हा नाणं कोणाचं ते लिहिलंय, पण तोंड कोणाचं ते लिहिलेलं नाही. ते ओळखायचं. बाईंचं आयुष्य त्यात चाललंय.

आपला आन्तिओखस त्यांनी घोड्यावरून पकडला. चरणारा घोडा ही एका शहराच्या टाकसाळीची खूण. अशा धर्तीची घोडेवाली नाणी तिथं एका धाकट्या भावानं पाडली, असं त्यांचं मत. थोरला भाऊ गादीवर, आईची फूस धाकट्याला, त्यानं बंड केलं आणि अर्धं राज्य बळकावून बसला. दुसऱ्याचं ओरबाडून नेतो म्हणून लोक त्याला ससाणा म्हणायचे. धाकटा, आईचा लाडका आणि बंडखोर, हे वाचून तुला कुणाची आठवण झाली तर तो माझा दोष नाही. तोंडसुद्धा त्याचंच आहे का, हे बाई छातीठोकपणे सांगत नाहीत. कदाचित बापाचं असेल, आजोबाचं असेल. वाडवडलांचं तोंड पुढं केलं की माणसाचं बंड जरा बरं दिसतं.

निघताना मी विचारलं, "मग समेट झाला का भावांचा?" त्या म्हणाल्या, नाही. पण एक गोष्ट जुन्या लोकांनी लिहून ठेवलीय. लढाईत थोरला मारला गेला अशी खबर धाकट्याकडं आली. विजय याचाच झाला होता. यानं काय केलं, तर राजवस्त्र उतरवलं, काळे कपडे घातले, वाड्याची दारं लावून घेतली आणि भावासाठी शोक करत बसला. मग कळलं, भाऊ जिवंत आहे, सुखरूप निसटलाय. तेव्हा यानं देवांना बळी दिले आणि सगळ्या शहरांना हार घालून आनंद करायला लावलं.

"आणि मग भेटायला गेला?"

"नाही. मग पुन्हा लढाई."

मला त्या मेल्या ससाण्याचा असा राग आला, बंड्या! दारं लावून रडता येतं, गावाला हार घालायला लावता येतं, आणि उठून भावाकडं जाता येत नाही. बसनं निघाले ती चुकीच्या थांब्यावर उतरले आणि अर्धा रस्ता चालत आले. जेवले नाही. तुझ्यावर चिडून नाही, भूक नव्हती.

ताई


३ मार्च

बंड्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पुठ्ठ्याला खाचा पाडून घेतल्यात, एका खाचेत एक ओळ. खाच चुकली की ओळीवर ओळ चढते. लागेल तसं लाव.

मी रजेवर नाही. काम सुटलं. एका आजींची कवळी मी केली, तिचे पुढचे दात नाकाच्या रेषेत बसले नाहीत. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी ती परत पाठवली, मी दुरुस्त केली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ते स्वतः आले. "ताई, तुम्ही आता आराम करा," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता माझे ब्रश धुऊन ठेवायला लागले. फार चांगला माणूस. त्याहून चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बोळकं मला नाण्यात कुठून दिसलं, ते शोधत होते. डोळ्यांना मधलं दिसेना की मन आपल्याकडचं काहीतरी तिथं भरून टाकतं, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या मनानं काय भरलं ते माझ्या लक्षात आलं. मी बाबांचं तोंड भरलं.

ते तुला सांगायचं नव्हतं. बाबांना शब्द दिला होता. पण ते गेले, मी आंधळी होत चाललेय आणि तू बोलत नाहीस, मग हा शब्द मी सांभाळते कुणासाठी?

बाबांना किती ऐट होती तुला ठाऊक आहे. कवळीशिवाय आपण त्यांना कधी बघितलं का? आंघोळीला जातानाही तोंडात. झोपतानाही, मी ओरडले तरी. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांची कवळी काढली आणि हिरड्या इतक्या सुजल्या की ती पुन्हा बसेना. मीच केलेली, माझ्याच हातानं बसेना. गाल आत गेले, बोलणं कळेना. तू निघालास असा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, "बंड्या येतोय." त्यांनी हातानं तोंड झाकलं. म्हणाले, "त्याला हे दाखवू नकोस. मी गेलो तर थांबू नका. पोराला माझं चांगलं तोंड आठवू दे." मला तीनदा म्हणायला लावलं, "नाही दाखवणार."

म्हणून थांबले नाही. गेल्यावर मी पुन्हा कवळी बसवायचा प्रयत्न केला होता. ती बसली असती तर मी तुझ्यासाठी दोन दिवससुद्धा थांबले असते, कोण काय म्हणेल ते म्हणो. नाही बसली. तू विचारलंस "का?" आणि मी "शक्य नव्हतं" म्हणाले, ते हे. तू तोंड फिरवून गेलास तेव्हाही मला वाटलं, जाऊ दे, याच्या मनात बाबा दातांसकट आहेत. माझ्या मनातले नाहीत, बंड्या. माझ्या मनात ते अजून हात तोंडावर धरून बसलेत आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. आठ वर्षं मी एकटी बघतेय.

आणि बघ, मीही तेच केलं. पहिल्याच पत्रात तुला लिहिलं, घाई नाही. बाबांचीच पोर. घाई आहे. दुसऱ्या डोळ्यातही आता मधोमध डाग आलाय. ये.

ताई


२६ मार्च

बंड्या,

तुझं पत्र आलं.

पोस्टमननं हातात दिलं आणि "मास्तरांचं नाही, तुमचंच," असं मुद्दाम म्हणाला. पाकिटावरून बोट फिरवलं तेव्हा कळलं, पेन दाबून लिहितोस अजून. फाडलं. चार कागद आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. मोजले, वास घेतला, खिडकीशी नेले, दिव्याखाली धरले, खाचांचा पुठ्ठा लावला. बंड्या, तुझं अक्षर मुंगीएवढं आहे रे. काही दिसत नाही. कागदाच्या कडा दिसतात.

वरच्या मास्तरांनी विचारलं, वाचून दाखवू का? खालच्या बाईही विचारून गेल्या. नाणीवाल्या बाईंचा ससाण्याबद्दल काही सांगायला फोन आला होता, त्या सहज वाचतील, त्यांना तर दोन हजार वर्षांपूर्वीचं वाचता येतं. मी सगळ्यांना नाही म्हटलं. आठ वर्षांनी तू चार कागद लिहिलेस ते मी मास्तरांच्या आवाजात ऐकू? त्यांना पडसं झालंय.

यात काय असेल याचा मी आठवडाभर विचार करतेय. बाबांचं कळल्यावर तू रडला असशील. किंवा इतकी वर्षं गप्प बसलीस म्हणून तू मला सडकून काढलं असशील. येतो लिहिलं असशील, कदाचित तारीखही दिली असशील. किंवा येत नाही असं लिहिलं असशील. आठ पानांत काहीही मावतं. मी ते उशाखाली ठेवलंय, दिवसा काढून पुन्हा मोजते. चारच असतात.

तर आता असं कर. जे लिहिलं आहेस ते इथं येऊन वाच. शिव्या असतील तर तोंडावर दे, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. पहिल्यांदाच.

एक मात्र आधी सांगून ठेवते, मागाहून रुसायला नको. मला तुला बघायचं होतं, ते आता होईलसं वाटत नाही. मागच्या पत्रापासून फार झपाट्यानं गेलं. दार मीच उघडीन, पण तुझ्या कानाकडं बघितलं तरी मला तू दिसणार नाहीस. तेव्हा उंबऱ्यावर नुसता उभा राहू नकोस. मी "कोण?" म्हणेन. त्याचं वाईट वाटून घेऊन परत फिरू नकोस. काहीतरी बोल.

ताई